वाचकांचे प्रश्न : कागदी तिकीट, सुटे पैसे आणि प्रवासाचे कार्ड

जून २०२५ मध्ये पुण्यातील पीएमपी या शहर बससेवेचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपयांवर गेले, तेव्हापासून बस आणि मेट्रोच्या भाड्याविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोख भाडेवाढीपेक्षा भाडे भरण्याच्या पद्धतीकडे आहे. कागदी तिकीट जाणार का, कार्ड घ्यावे का, घेतले तर त्याचा लाभ कोणाला आणि ते न घेणाऱ्याचे काय, असे प्रश्न वाचक विचारत आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांचा मजकूर थोडा आटोपशीर केला असून, पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलीने मला मेट्रोचे कार्ड घेऊन दिले. त्यात ना सेल, ना बटण. तरीही दारावरच्या यंत्राला टेकवले की दार उघडते. माझे पैसे नेमके कोठे असतात, कार्डात की बँकेत? यजमानांचे असेच एक कार्ड परगावी हरवले आणि त्यातील सातशे रुपये परत मिळणार नाहीत असे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?
(कोथरूड)

उत्तर : आपल्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या थरांमध्ये एक लहानशी चिप आणि तिला जोडलेली बारीक तारेची वेटोळी असतात. स्थानकावरील यंत्र स्वतःभोवती १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करत असते. कार्ड त्या क्षेत्रात आले की वेटोळ्यांमध्ये विजेचा अल्पसा प्रवाह निर्माण होतो आणि तेवढ्या विजेवर चिप आपले काम उरकते. हे क्षेत्र काही सेंटिमीटरपर्यंतच प्रभावी असल्यामुळे कार्ड यंत्राच्या अगदी जवळ न्यावे लागते. एकाच पाकिटात अशी दोन कार्डे असतील, तर यंत्राला कोणते वाचावे हे कळत नाही किंवा नको त्या कार्डातून पैसे जातात. म्हणून प्रवासाचे कार्ड पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि तेवढेच बाहेर काढून टेकवावे.

पैसे कोठे असतात, या प्रश्नाचे उत्तर कार्डाच्या जातीवर अवलंबून आहे. मार्च २०१९ मध्ये देशभरासाठी नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड ही योजना सुरू झाली आणि पुणे मेट्रोचे ‘वन पुणे कार्ड’ त्याच जातीचे आहे. या कार्डात प्रवासासाठीची शिल्लक चिपमध्येच लिहिलेली असते. तिची मर्यादा दोन हजार रुपये आहे. दारावरचे यंत्र बँकेला विचारायला जात नाही, चिपमधील आकडा वाचते, भाडे वजा करते आणि नवा आकडा लिहिते. भुयारी स्थानकात किंवा चालत्या बसमध्ये नेटवर्क नसले तरी व्यवहार अडत नाही, तो यामुळेच. लंडनमध्ये २०१२ च्या डिसेंबरपासून बसमध्ये बँकेचे साधे स्पर्श-कार्ड चालू लागले, त्याची रीत निराळी आहे. तेथे कार्ड केवळ प्रवाशाची ओळख पटवते आणि दिवसभरातील प्रवासांचा हिशेब नंतर मुख्य संगणकावर होऊन खात्यातून रक्कम वजा होते.

शिल्लक चिपमध्ये असते ही गोष्ट समजली की आणखी एक कोडे सुटते. मुलीने घरबसल्या मोबाइलवरून पाचशे रुपये भरले, तरी ते लगेच कार्डात दिसत नाहीत. ती रक्कम कार्ड देणाऱ्या बँकेकडे आपल्या नावे थांबलेली असते. स्थानकावरच्या यंत्राला किंवा खिडकीवर कार्ड लावून ती चिपवर उतरवून घ्यावी लागते. हे दोन टप्पे ज्येष्ठांना कोणी समजावून सांगत नाही आणि मग ‘पैसे भरले, पण आलेच नाहीत’ अशी तक्रार होते.

आता सातशे रुपयांविषयी. चिपवरची शिल्लक हरवणे म्हणजे रोख नोट हरवण्यासारखे समजले जाते, कारण कार्ड बंद करण्याचा आदेश नेटवर्क नसलेल्या प्रत्येक यंत्रापर्यंत लगोलग पोहोचत नाही आणि सापडणारा मनुष्य ती शिल्लक वापरू शकतो. नियम असा असला, तरी तो मला न्याय्य वाटत नाही. लंडनचे २००३ मध्ये आलेले ऑयस्टर कार्ड नावावर नोंदवले असेल, तर हरवल्याची खबर दिल्यावर उरलेली रक्कम नव्या कार्डावर मिळते. अशी सोय करणे अवघड असले तरी अशक्य नाही, हे त्यावरून दिसते. आपल्याकडे ती होईपर्यंत कार्डात आठवड्याच्या प्रवासापुरतेच पैसे ठेवावेत. बँकेकडे थांबलेली, चिपवर न उतरवलेली रक्कम मात्र वेगळी असते. कार्ड बंद करताना तिची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करतो. बसमध्ये वाहकाच्या यंत्रावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपून पैसे देता येतात, मेट्रोचे तिकीटही मोबाइलवर मिळते. मग कार्डाचा आग्रह कशासाठी? ‘एक शहर, एक कार्ड’ असे म्हणतात, पण बस आणि मेट्रोचे भाडे वेगवेगळे द्यायचे असेल, तर एका कार्डाने माझे काय भले होणार?
(हडपसर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा असल्यामुळे पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. मोबाइलने पैसे देण्यासाठी प्रवाशाचा फोन, त्याचे नेटवर्क, वाहकाच्या यंत्राचे नेटवर्क आणि बँकेचा संगणक या चारही गोष्टी त्याच क्षणी चालू असाव्या लागतात. गर्दीच्या वेळी स्वारगेटवरून सुटलेल्या बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडा धरून हे करणे किती सोपे आहे, ते आपण रोज पाहत असाल. कार्डाचा व्यवहार अर्ध्या सेकंदाच्या आत होतो. साठ माणसांची तिकिटे पुढच्या थांब्यापूर्वी काढायची असतात, तेव्हा हा फरक जाणवतो. तरीही ज्याला मोबाइल सोयीचा वाटतो, त्याने तोच वापरावा. दोन्ही सोयी एकत्र नांदू शकतात.

आता मुख्य मुद्दा. कार्डाने खरोखर काही बदलायचे असेल, तर भाड्याचे नियम बदलले पाहिजेत. नियम तेच ठेवून कागदाच्या जागी प्लॅस्टिक आणले, तर प्रशासनाची छपाई आणि नाणी मोजण्याची कटकट वाचते. प्रवाशाच्या पदरात फारसे काही पडत नाही. सध्याच्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या पाच किलोमीटरांना दहा रुपये आणि पाच ते दहा किलोमीटरांना वीस रुपये पडतात. समजा, आपल्याला नऊ किलोमीटर जायचे आहे. थेट बस असेल, तर वीस रुपयांत काम होते. थेट बस नसेल आणि सहा किलोमीटरांवर उतरून दुसरी बस घेऊन उरलेले तीन किलोमीटर जावे लागले, तर वीस अधिक दहा, म्हणजे तीस रुपये होतात. ज्याने थांब्यावर पंधरा मिनिटे उन्हात उभे राहून बस बदलली, त्यालाच दहा रुपये जास्त! मेट्रोचे किमान भाडेही दहा रुपये असल्यामुळे मेट्रोतून उतरून बस धरणाऱ्याला हा दंड पुन्हा पडतो. प्रवासी बस बदलायला नाखूश असतो, प्रत्येक वस्तीतून स्वारगेटला, स्टेशनला आणि मनपाला थेट गाडी मागतो आणि मग एकाच रस्त्यावर एकामागोमाग एक अर्ध्या रिकाम्या गाड्या धावतात, याची इतर कारणेही आहेत. पण भाड्याचा हा नियम त्यांतील एक आहे, असे माझे मत आहे.

कागदी तिकिटाने हा दंड काढता येत नव्हता असे नाही, परंतु पहिल्या बसचे तिकीट दुसऱ्या बसच्या वाहकाने तपासायचे, वेळ पाहायची आणि उरलेला टप्पा मोजायचा, हे गर्दीत होणे कठीण होते. कार्डाच्या चिपमध्ये मागच्या प्रवासाची वेळ आणि जागा लिहिलेली असते, त्यामुळे दुसरे यंत्र ‘हा मनुष्य चाळीस मिनिटांपूर्वी पहिल्या बसमध्ये बसला होता’ हे ओळखून फक्त फरक घेऊ शकते. लंडनमध्ये सप्टेंबर २०१६ पासून पहिल्या बसनंतर तासाभरात घेतलेल्या दुसऱ्या बसला पैसे पडेनासे झाले आणि जानेवारी २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदलण्याची मुभा मिळाली. एका तासाची ही सवलत पुण्यात आली, तर कात्रजहून स्वारगेटला उतरून पुढे जाणाऱ्याला जो दिलासा मिळेल, तो कार्डाच्या रंगीत जाहिरातींनी मिळणार नाही.

दुसरा बदल दिवसाच्या कमाल खर्चाचा. आपल्याकडे दोन्ही महापालिकांच्या हद्दीत एका दिवसाचा पास सत्तर रुपयांना मिळतो. ही योजना चांगली आहे आणि पुणेकर ती मनापासून वापरतात. पण पास घ्यायचा की साधे तिकीट, हे सकाळी पहिल्याच बसमध्ये ठरवावे लागते. सकाळी वीस रुपये देऊन कामाला गेलेल्या माणसाला दुपारी अचानक ससून रुग्णालयात नातेवाइकाला पाहायला जावे लागले आणि दिवसभरात वीस-वीस रुपयांची चार तिकिटे झाली, तर त्याचे ऐंशी रुपये गेलेले असतात. पास घेतला असता, तर सत्तरातच भागले असते. लंडनमध्ये २००५ पासून कार्डच हा हिशेब ठेवते. दिवसभरातली भाडी पासाच्या रकमेइतकी झाली की पुढचे प्रवास आपोआप मोफत होतात. प्रवाशाला सकाळी भविष्य ओळखावे लागत नाही.

मग हे होत का नाही? येथे तंत्रज्ञानापेक्षा पैशांच्या वाटणीचा प्रश्न मोठा आहे. पीएमपीच्या बस चालवणारी पीएमपीएमएल ही २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून बनलेली, पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या मालकीची कंपनी आहे. मेट्रोचे पहिले दोन मार्ग महामेट्रो चालवते आणि ती केंद्र व राज्य सरकारांची संयुक्त कंपनी आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर हा तिसरा मार्ग पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, खासगी भागीदारीतून हाती घेतला. प्रवाशाला बस बदलताना दहा रुपयांची सूट दिली, तर ती कोणाच्या खात्यातून जायची, हे तिघांनी एकत्र बसून ठरवावे लागेल. हाँगकाँगमध्ये सप्टेंबर १९९७ मध्ये ऑक्टोपस कार्ड सुरू झाले, तेव्हा रेल्वे, बस आणि बोटी चालवणाऱ्या पाच संस्थांनी त्याआधीच, १९९४ मध्ये, एक सामाईक कंपनी स्थापन केली होती. यंत्रे बसवण्याच्या तीन वर्षे आधी त्यांनी वाटणीचे घर बांधले, हा क्रम मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे कार्ड आधी आले आहे. हिशेबाचे सामाईक घर अजून बांधायचे आहे आणि नागरिकांनी आपल्या नगरसेवकांकडे नेमकी हीच मागणी लावून धरली पाहिजे.

प्रश्न : मी पीएमटीत बत्तीस वर्षे वाहक होतो. बाजूला ट्रे, त्यात प्रत्येक किमतीच्या वेगळ्या रंगाच्या तिकिटांच्या थप्प्या, हातात पंच आणि टप्पा संपला की वे-बिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा हिशेबतक्ता, भरणे, असे आमचे काम होते. यंत्र आल्यावर काम सोपे झाले असे म्हणतात. पुढे कार्ड आले की वाहकच नको, असेही कानावर येते. कागदी तिकिटात नेमके काय कमी होते, ते सांगावे.
(भोसरी)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. ज्या पद्धतीवर आपण नोकरी केली, ती हिशेबाच्या दृष्टीने अतिशय विचारपूर्वक रचलेली होती, हे आधी नोंदवले पाहिजे. प्रत्येक तिकिटावर छापील अनुक्रमांक असे. टप्पा संपला की प्रत्येक थप्पीवरचा वरचा क्रमांक वे-बिलावर चढवायचा. दोन क्रमांकांतील फरक म्हणजे विकलेली तिकिटे, त्याला किमतीने गुणले की जमा रक्कम. मध्येच तपासनीस चढला, तरी वे-बिल, थप्पी आणि पिशवीतली रोकड या तिघांचा मेळ लावून तो दोन मिनिटांत निकाल देऊ शकत असे. वीज नाही, नेटवर्क नाही, आणि तरीही हिशेब पैशापर्यंत चोख!

उणीव होती ती माहितीची. तिकिटावर पंचाचे भोक पडे, त्यावरून प्रवासी कोठे चढला हे कळे. पण तो पुरावा प्रवाशाच्या खिशात जाई आणि उतरल्यावर थांब्याखालच्या कचऱ्यात. आगाराला रात्री एवढेच कळे की अमुक फेरीत अमुक टप्प्यापर्यंत इतकी तिकिटे विकली. चढलेला प्रवासी उतरला कोठे, हे भाड्यावरून ताडावे लागे. ई-तिकीट यंत्रात वाहक चढण्याचा व उतरण्याचा थांबा निवडतो, त्यामुळे प्रत्येक तिकिटाची दोन्ही टोके नोंदली जातात. सकाळी आठ ते नऊ या वेळात विश्रांतवाडीहून किती जण नेमके कोठे जातात, हे त्यावरून काढता येते. कार्ड एक पाऊल पुढे जाते, कारण तेच कार्ड संध्याकाळी परतताना आणि मध्ये बस बदलताना पुन्हा दिसते, म्हणजे प्रवासाचे तुटक तुकडे जोडता येतात. वेळापत्रक बनवणाऱ्याला यापेक्षा मोलाचे साधन नाही. ते खरोखर वापरले जाते का, हा प्रश्न मात्र प्रत्येक आगाराला विचारण्यासारखा आहे.

वाहकाच्या गरजेविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या शहरांत वाहक नाहीत आणि भाडे अंतराप्रमाणे आहे, तेथे प्रवाशाला चढताना आणि उतरताना असे दोनदा कार्ड टेकवावे लागते. सिंगापूरमध्ये २००२ पासून असे कार्ड आहे आणि उतरताना ते टेकवायचे विसरल्यास शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. आपल्या बसमध्ये संध्याकाळी सहा वाजता मागच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाने उतरता उतरता यंत्र शोधावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. वाहक असेल, तर प्रवासी ‘डेक्कन’ म्हणतो, वाहक यंत्रावर थांबा निवडतो, कार्ड एकदाच लागते आणि अचूक भाडे जाते. उतरतानाचा गोंधळ उद्भवतच नाही. वाहकाकडून सुट्या पैशांचे ओझे काढून घ्यावे आणि त्याचा वेळ वृद्धांना चढवण्या-उतरवण्यासाठी, थांबे सांगण्यासाठी आणि गर्दी आवरण्यासाठी मोकळा करावा. आपल्यासारख्यांनी ही कामे तिकिटे फाडता फाडताच केली, हे प्रवासी विसरलेले नाहीत.

प्रश्न : माझी आई घरकाम करते. अप्पर इंदिरानगरहून मनपाला आणि तेथून औंधला जाते. एका बाजूचे दोन बसचे मिळून चाळीस रुपये होतात. तिच्याकडे साधा फोन आहे आणि बँकेचे कार्ड ती वापरत नाही. सगळीकडे कार्डच झाले, तर तिला बसमध्ये घेणार नाहीत का? पास काढ म्हटले, तर एकदम एवढे पैसे कोठून आणू, असे ती म्हणते.
(पत्र लिहिणारी मुलगी बारावीत शिकते.)

उत्तर : आईचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला. आधी तिच्या खर्चाचा हिशेब करू. जाऊन-येऊन दिवसाचे ऐंशी रुपये आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर दोन हजार ऐंशी रुपये होतात. मासिक पास पंधराशे रुपयांना आहे, म्हणजे पास घेतला तर तिचे पाचशे ऐंशी रुपये वाचतील. पण ज्या बाईचा पगार तीन-चार घरांतून वेगवेगळ्या तारखांना येतो, तिला पहिल्या तारखेला पंधराशे रुपये एकत्र काढणे शक्य नसते. परिणामी ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत, त्याला प्रवास स्वस्त आणि ज्याच्याकडे नाहीत, त्याला महाग पडतो. सध्या तरी तिने रोज सकाळी पहिल्याच बसमध्ये सत्तर रुपयांचा दिवसाचा पास घ्यावा. त्यात रोजचे दहा रुपये आणि महिन्याचे दोनशे साठ रुपये वाचतात.

हडपसरच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात दिवसाच्या कमाल मर्यादेचा उल्लेख केला आहे. तीच मर्यादा महिन्याला लावली, तर आईने रोज थोडे थोडे पैसे द्यावेत आणि बेरीज पंधराशे झाली की उरलेल्या दिवसांत तिच्याकडून काही घेतले जाऊ नये, असे करता येते. कार्डाच्या बाजूने माझ्या मनात जर एखादे सर्वांत बळकट कारण असेल, तर ते हे आहे. पासाचा लाभ हप्त्याने मिळू लागेल आणि त्यासाठी कर्ज काढावे लागणार नाही.

आता तिला बसमध्ये घेतील का, याविषयी. पुण्याच्या बसमध्ये आज रोख पैसे देऊन तिकीट मिळते आणि ते तसेच मिळत राहिले पाहिजे. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणे बंद झाले, याचा दाखला अनेकदा दिला जातो; पण तो देणारे बाकीचे अर्धे सांगत नाहीत. त्या वेळी तेथे रोख भाडे देणारे प्रवासी शेकडा एकाच्या आसपास उरले होते. शहरभर हजारो किरकोळ दुकानांत कार्डात पैसे भरून मिळत होते. शिवाय कार्डात भाड्यापुरते पैसे नसले, तरी आणखी एक प्रवास करू द्यायचा आणि पुढच्या वेळी भरलेल्या पैशांतून ते भाडे वळते करायचे, अशी व्यवस्था करण्यात आली होती. रात्री उशिरा एकट्या बाईला थांब्यावर सोडून बस निघून जाऊ नये, एवढा विचार त्यामागे होता. ही तयारी नसताना रोख बंद करण्याचा विचारही कोणी करू नये.

कार्ड घेण्याचा मार्ग सोपा झाला आहे, हेही आईला सांगा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतुकीपुरती वापरता येणारी कार्डे ओळखपत्राच्या तपासणीशिवाय देण्याची मुभा बँकांना दिली. अशा कार्डात एका वेळी तीन हजार रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. बँकेत खाते असणे किंवा स्मार्टफोन असणे यांचा त्याच्याशी संबंध नाही. अडचण उरते ती पैसे भरण्याची. आईला पन्नास रुपये भरायचे असतील, तर ते तिच्या वस्तीतल्या किराणा दुकानात भरता आले पाहिजेत. त्यासाठी तिला वाकडी वाट करून स्थानक गाठावे लागू नये. एक गोष्ट मला खटकते, ती येथेच लिहितो. मेट्रोने कार्डधारकांना भाड्यात दहा टक्के सवलत दिली, ती कार्डाचा प्रसार व्हावा म्हणून. हेतू चांगला आहे. परंतु ज्यांना कार्ड मिळवणे आणि भरणे अवघड आहे, तेच पूर्ण भाडे देतात. सवलत द्यायची असेल, तर पैसे भरण्याची केंद्रे आधी वस्त्यांपर्यंत न्यावीत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. कार्डामुळे मी कोठे, कधी गेलो याची नोंद राहते. कागदी तिकिटाला नाव नव्हते. शिवाय अशी कार्डे फोडता येतात, असे वाचले आहे. काळजी करावी का?
(विश्रांतवाडी)

उत्तर : तुम्ही वाचलेली गोष्ट खरी आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी मायफेअर क्लासिक या चिपची सांकेतिक रचना उलगडून दाखवली. ती चिप तेव्हा लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि डच प्रवासकार्डातही होती. चिप बनवणाऱ्या कंपनीने हे संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि पुढे अधिक बळकट चिपा आल्या. त्या चिपेचा दोष हा होता की तिची सुरक्षितता सूत्र गुप्त ठेवण्यावर अवलंबून होती. आपली नवी कार्डे बँकांच्या कार्डांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या मानकावर बेतलेली आहेत. ती मानके अनेकांनी तपासलेली असल्यामुळे तुलनेने अधिक विश्वासार्ह आहेत.

नोंदींची काळजी मात्र योग्य आहे. वेळापत्रकासाठी ‘एक कार्ड’ एवढी ओळख पुरते. त्यामागे कोणाचे नाव आहे, हे जाणून घेण्याची वाहतूक नियोजकाला गरज नसते. विद्यार्थी म्हणून सवलतीचे कार्ड घेताना तुम्हाला ओळख द्यावीच लागेल, कारण मेट्रोची विद्यार्थ्यांसाठीची सवलत ओळख पटल्यावरच मिळते. पण ती पात्रता तपासून झाल्यावर नाव आणि प्रवास यांची गाठ किती दिवस ठेवली जाते, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असून, घेतलेली माहिती ज्या कामासाठी घेतली, त्या कामापुरतीच वापरावी, हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. तुमच्या महाविद्यालयातील काही जणांनी मिळून असा लेखी प्रश्न विचारला, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढेल. सवलत नको असेल आणि नोंदही नको असेल, तर मेट्रोच्या खिडकीवर रोख देऊन मिळणारे कागदी क्यूआर तिकीट आजही उपलब्ध आहे.

प्रश्न : कार्यालयात प्रवासखर्च मागताना बसचे तिकीट जोडावे लागते. यंत्रातून आलेले तिकीट महिनाभरात कोरे होते. उपाय काय? आणि कार्ड घेतल्याने कागद खरोखर वाचतो का?
(शिवाजीनगर)

उत्तर : यंत्रातील तिकिटावर शाई नसते. कागदावरच उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्रातील तापलेले टोक त्यावर अक्षरे उमटवते. उन्हाने, पाकिटातल्या उबेने किंवा प्लॅस्टिकच्या आवरणातील रसायनांमुळे ती अक्षरे विरतात. तिकीट मिळाल्याच्या दिवशीच त्याची छायाप्रत काढावी किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात ठेवावे. या लेपामुळे हा कागद रद्दीतही चांगला समजला जात नाही, त्यामुळे तो कमी झालेला बरा. मात्र कार्ड टेकवल्यावरही यंत्रातून कागदी तिकीट निघत असेल, तर कागद वाचत नाही. तपासनिसाच्या यंत्राला कार्डावरची शेवटची नोंद वाचता येत असेल, तरच ती छपाई थांबवता येते. प्रवासखर्चासाठी आपल्या कार्यालयाच्या लेखा विभागाला कार्डाचा मासिक उतारा पुरावा म्हणून मान्य करण्याविषयी अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ आणि रक्कम असते, म्हणजे कोऱ्या पडलेल्या तिकिटापेक्षा तो केव्हाही अधिक वाचनीय असतो.